चार बोटं उंच

९ जानेवारी

ठोक्या,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही आणि मी काही मागायलाही बसलेली नाही. तू फोन उचलत नाहीस. उचललास तर तुमच्या त्या बोगद्याच्या कँपवर रेंज नसते, हे तुझं तुणतुणं मला पाठ झालंय. म्हणून कागद घेतला. तुमच्याकडे भाजीपाला आणि डिझेल पोचवणारा ट्रक दर मंगळवारी चौकातल्या पंपावर थांबतो. त्याच्या ड्रायव्हरशी ओळख काढलीय. माणूस बोलका आहे. तुला ओळखतो म्हणाला. "मशिनवाले साहेब ना? हसत नाहीत फारसे," म्हणाला. मी म्हटलं, वडलांवर गेलाय.

तर काम असं आहे. आपली जुनी जीप उंच करायची आहे. लिफ्ट किती इंच द्यावी आणि टायर कुठल्या साइझचे घालावेत, तेवढं कळव.

कशाला, असं विचारशील. तुझ्याकडे यायचंय. मला आणि तुझ्या बाबांना.

हो, बाबांना. परत वाच हवं तर. तू गेलास त्या दिवशी दारात उभा राहून काय म्हणालास ते माझ्या कानात अजून आहे: "बाबा स्वतः मला न्यायला आले, तरच या घरात पाय ठेवीन." तू बसवलेला गिअरबॉक्स त्यांनी गिऱ्हाइकासमोर खोलला, आत काडीचंही चुकलेलं नव्हतं, तसाच परत बसवला आणि तुला एक शब्द बोलले नाहीत. तू हात धुतलेस आणि गेलास. चार वर्षं झाली. मी तेव्हा कुणाचीच बाजू घेतली नाही आणि आताही घेणार नाही. पण तुझं ते वाक्य त्यांनी मनावर घेतलंय. घ्यायला चार वर्षं लागली, तो त्यांचा वेग आहे. तुला ठाऊक आहे.

आता घोडं रस्त्यावर अडलंय. ट्रकवाला सांगतो, पूल ओलांडला की डांबर संपतं. पुढे ट्रकच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधे मातीचा उंचवटा राहिलाय. त्यापुढे ओढा, ओढ्यात दगड. "काकू, तुमच्या जीपचं पोट टेकेल आणि चाकं हवेत फिरत राहतील," म्हणाला. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या मुलाला विचार." लक्षात घे, चौकातल्या कुणाला विचार असं नाही म्हणाले.

ते हल्ली वर्कशॉपमध्ये फारसे उतरत नाहीत. वय झालं. बाकी ठीक.

उत्तर ट्रकवाल्याकडे दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, पण त्यात आकडे असू देत.

आई


२५ जानेवारी

ठोक्या,

उत्तर पोचलं. "येऊ नका. रस्ता तुमच्यासाठी नाही." एवढं लिहायला तुला दोन मंगळवार लागले? आणि आकडा एकही नाही. मी बाबांना काय वाचून दाखवायचं होतं? मी आपलं सांगितलं, कामात आहे, सविस्तर लिहितो म्हणालाय. खोटं बोलले तुझ्यापायी.

असू दे. तू सांगत नसशील, तर सांगणारे पुष्कळ पडलेत. चौकातला टायरवाला तर तयारच बसलाय. तो म्हणतो, दोन-तीन इंचांत काय मजा, चांगली चार इंच उचलू. नवे कमानपाटे कशाला, आहेत त्याच पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालायचे, पुढच्या ॲक्सलला आणि मागच्याही, लांब यू-बोल्टनी आवळायचे, अर्ध्या दिवसाचं काम. टायर तेहेतीस इंची, चांगले रुंद, मडगार्डच्या बाहेर वीतभर येतील असे. "काकू, लोक वळून बघतील," म्हणाला. त्याला म्हटलं, माझ्याकडे लोक वळून बघायचे दिवस गेले, पण गाडीकडे बघू देत.

पंधरा तारखेला गाडी त्याच्या ताब्यात देतेय. ब्रेकचे पाइप आहेत तेच पुरतील म्हणतो. मला त्यातलं काय कळतं.

बाबा बरे आहेत. जेवण कमी झालंय एवढंच. संध्याकाळी खिडकीशी बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नुसत्या आवाजावरून आजार सांगतात. परवा म्हणाले, "हिचा क्लच आठवडाभरात जाणार." काल तीच गाडी ओढून नेताना दिसली. दिवसभर खूश होते.

तू जेवतोस का वेळेवर, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. जाऊ दे.

आई


७ फेब्रुवारी

ठोक्या, माझ्या राजा,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! कोपऱ्यात ॲक्सलचं चित्र काढलेलं, खाली दोनदा रेघ मारलेली: "पुढच्या ॲक्सलवर ठोकळा कधीही लावायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. जोरात ब्रेक लागला की ठोकळा सरकतो, ॲक्सल फिरतो आणि स्टिअरिंग हातातून जातं. त्या टायरवाल्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. आई, तुला एवढं कसं कळत नाही?"

मला कळत नाही? अरे, तीस वर्षं याच जीपमधून मी तुमच्या वर्कशॉपचे स्पेअर पार्ट आणलेत. पुढे ठोकळे लावायचे नसतात हे तू रांगत होतास तेव्हापासून मला माहीत आहे. आणि टायरवाला बिचारा तसलं काही बोललाच नाही. तो दोन इंचांचंच म्हणत होता. त्याची माफी मी मागितली, नाव त्याचं खराब केलं म्हणून. तो हसत सुटला.

पण काय करणार होते मी? तुम्हा दोघांना मी ओळखून आहे. जेवायला बोलावलं तर येणार नाही, आजारी पडले तर कळवणार नाही, पण कुठे चुकीचा बोल्ट लागतोय असं समजलं की दोघांचीही झोप उडते. म्हटलं, माझ्या चांगल्या शब्दांना उत्तर येत नसेल तर वाईट ठोकळ्यांना येईल. आलं. रागावलास तर रागाव, मला चार पानं मिळाली.

बाबांना वाचून दाखवली. पहिल्यांदा वाचताना ते डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, "चाकांचं परत वाच." परत वाचलं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे." ठोक्या, हा शब्द मी त्यांच्या तोंडून तुझ्या कामाबद्दल कधी ऐकला नव्हता. तूही नसशील ऐकला. म्हणून तारीख घालून लिहितेय.

आता वाद टायरांचा. त्यांचं म्हणणं तेहेतीसचे हवेत. लिफ्टनं नुसती बॉडी वर जाते, ॲक्सल जिथं आहे तिथंच राहतो, आणि ओढ्यातला दगड लागतो तो ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला. तो गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा पाहिजे, असं म्हणतात. ते मी तुझ्यापुढे ठेवते. तू लिहिलंस की तेहेतीस घातले की चार इंच लिफ्ट आलीच, मग शाफ्टचा कोन बिघडतो, जुनं इंजिन चढावर ओढणार नाही आणि गाडी वळणावर झुकते ते वेगळंच. मी हेही त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "रस्ता त्यानं बघितलाय. मी नाही. तो एकतीस म्हणतो तर एकतीस."

तेव्हा ठरलं. दोन इंच लिफ्ट, नव्या पाट्यांवर. एकतीसचे टायर, अरुंद, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी पाट्याला घासणार नाहीत आणि माझ्या दंडांना झेपतील. शॉकॲब्सॉर्बर लांब, ब्रेकचे पाइप लांब. ओढ्यापाशी टायरमधली हवा कमी करायची, हेही लिहून ठेवलंय.

तू विचारशील, "तुझ्या दंडांना म्हणजे? गाडी कोण चालवणार?" मी चालवणार. बाबांना हल्ली लांबचं नीट दिसत नाही. डोळ्यांचं काहीतरी. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

चार पानांत बाबांचं नाव एकदाही नाही, ते मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

आई


२० फेब्रुवारी

ठोक्या,

गाडी झाली.

काम आपल्याच अंगणात केलं. टायरवाला स्वतः आला, त्याचा जॅक घेऊन. बाबांना मी खुर्ची टाकून दिली होती, ते सकाळपासून बसून होते. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, जुने पाटे खाली आले. तीस वर्षांचा चिखल त्यांच्यात बसलेला. तुझं चौथं पान मी मडगार्डवर चिकटवलं होतं, टायरवाला प्रत्येक नटाला तिथं वाकून बघत होता. मधेच म्हणाला, "हा पोरगा परत आला तर माझं दुकान बंद होईल." बाबा हसले. हसले म्हणजे तोंड एका बाजूला गेलं.

दुपारी सगळं आवळून झालं. टायरवाल्यानं पाना पुढे केला. तुला माहीतच आहे, तो बाबांना उस्ताद म्हणतो. म्हणाला, "उस्ताद, यू-बोल्ट एकदा बघून घेता का? तुमचा हात लागला की मला बरं वाटेल."

मी तिथं चहा घेऊन उभी होते. आयुष्यात या माणसानं दुसऱ्यानं आवळलेला नट स्वतः आवळून बघितल्याशिवाय गाडी सोडलेली नाही. तुझा तर कधीच नाही.

ते म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून बसवलेस?"

"तुमच्या मुलाच्या."

"त्याच्या सांगण्याप्रमाणेच ना? कमी-जास्त काही नाही?"

"नाही उस्ताद. कागद समोर आहे."

"मग झालं," म्हणाले. पान्याला हात लावला नाही.

मी चहा तसाच ठेवला आणि आत गेले. मला रडू आलं. चार वर्षं मी तुम्हा दोघांच्या मधे उभी आहे आणि एकदाही रडले नव्हते, दोघांचाही राग यायचा म्हणून. त्या दिवशी राग कुठे गेला कुणास ठाऊक. तू तिथं हवा होतास. दाराआड उभा राहून का होईना, ऐकायला हवं होतंस.

संध्याकाळी मी आणि टायरवाला नदीपात्रात जाऊन आलो. वाळूच्या ट्रकनी तिथेही तसेच उंचवटे केलेत. पोट कुठेही टेकलं नाही. स्टिअरिंग जड झालंय, खोटं कशाला बोलू, खांदे भरून आले. ब्रेक पूर्वीपेक्षा थोडा आधी मारावा लागतो. वेगाचा काटा आता कमी दाखवतो, तेही तू लिहिलं होतंस. पूर्ण वळवून बघितलं, टायर कुठेही घासत नाहीत. वरून रस्ता कसा दिसतो रे! मला वाटलं, मी कुणी तरी मोठी साहेबीणबाई आहे.

गुरुवारी पहाटे निघतो. तू "या" म्हटलेलं नाहीस, पण परवाच्या चिठ्ठीत "नका येऊ" असंही लिहिलेलं नाहीस. नुसतं लिहिलंस, "ओढा सकाळी ओलांडा, दुपारनंतर पाणी वाढतं." ते मी बाबांना वाचून दाखवलं आणि त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. गुरुवार यायला चार दिवस होते तरी.

आई


२४ फेब्रुवारी

ठोक्या,

आम्ही आलो नाही हे तुला दिसलंच असेल. वाट बघितलीस की नाही, ते तू सांगणार नाहीस. बघितली असलीस तर माझी चूक झाली, कळवायला काही साधन नव्हतं.

आता खरं लिहिते. बाबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मागल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा धरून आहे, काठीला टेकून घरातल्या घरात चालतात. बोलणं जड झालंय, पण डोकं पूर्वीइतकंच तिरसट आहे. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. "कळलं तर दयेनं येईल. मला तसा नकोय," म्हणाले. "त्यानं मला यायला सांगितलंय. मी जाणार." डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. पहिल्या पत्रात "बाकी ठीक" लिहिलं होतं, त्या "बाकी"त हे सगळं होतं.

जीप पूर्वीसारखी होती तोवर ते तिच्यात बसायचे. डाव्या हातानं दारावरचा दांडा धरायचा, डावा पाय पायरीवर, मी मागून कंबरेला आधार द्यायचा, एक हिसका, की सीटवर. दर शुक्रवारी व्यायामासाठी दवाखान्यात नेत होते मी त्यांना. जेमतेम जमायचं, पण जमायचं.

गुरुवारी अंधारातच निघायची तयारी. डबा, पाणी, कपडे, सगळं आत. ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. दांड्याला हात घातला, पाय उचलला, आणि पाय पायरीपर्यंत पोचला नाही.

परत उचलला. नाही. मी त्यांच्या पोटरीला धरून वर ढकलला, तर तोल गेला आणि आम्ही दोघंही मडगार्डवर आदळलो. लागलं नाही कुणाला. फळ्यांचं खोकं आणून ठेवलं, त्यावर डावा पाय ठेवला, पण मग उजव्यावर सगळा भार. तो पाय लटपटायला लागला. मी म्हटलं, टायरवाल्याला उठवते, दोघं मिळून उचलून बसवू. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खोकं उचलून बाजूला ठेवलं. पोत्यासारखं चढवलेलं त्यांना चालणार नाही.

मी टेप आणून मोजलं. दोन इंच लिफ्टचे, दीड इंच टायरांचे. चार बोटं. चार बोटांनी घात केला.

अरे, तू गाडीतला, ते गाडीतले, मी जन्मभर गाडीच्या पार्टांत. तिघांनी मिळून दीड महिना डोकं लावलं. दगड किती उंच, पाणी किती खोल, टायर कुठे घासेल, सगळं बघितलं. बसणाऱ्या माणसाचा पाय कुठवर उचलतो, हे एकालाही सुचलं नाही. तुला तर माहीतच नव्हतं, तुला दोष नाही. पण मला माहीत होतं, आणि त्यांना माहीत होतं. लोक आपल्याला हसतील. मला हसूही आलं आणि डोक्याला हात लावून घराच्या पायरीवर बसले.

ते खुर्चीवर बसून राहिले, उजाडेपर्यंत. गाडीकडे बघत. मग म्हणाले, "काम चांगलं झालंय." एवढंच.

हे वाचून तू धावत येशील, अशी मला भीती वाटते. म्हणून स्पष्ट लिहिते: येऊ नकोस. आई असून मी हे लिहितेय, यावरून काय ते समज. तू त्यांना यायला सांगितलं होतंस. ते निघाले होते. आता तू आलास तर त्यांना वाटेल, तेवढंही आपल्याला जमलं नाही. हे मी त्यांच्या हातून काढून घेऊ देणार नाही. तुलाही नाही.

मार्ग काढते. कसा, ते आत्ता माहीत नाही.

आई


४ मार्च

ठोक्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. अक्षर हललंय. "लिफ्ट काढा. जुने पाटे, जुने टायर परत लावा. बाबांना घरी ठेवा. मी बघतो." मी बघतो म्हणजे काय रे? येतो असंही नाही, या असंही नाही. तू घाबरलास, एवढं मला कळलं. मीही वर्षभर घाबरलेलीच आहे, सवय होते.

तरी मी चिठ्ठी वाचून दाखवली. मलाही वाटलं होतं, गाडी खाली आणावी आणि विषय संपवावा. टायरवाला जुने पाटे घेऊन यायला तयार होता.

बाबा म्हणाले, "त्या कामाला कुणी हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "अहो, तोच सांगतोय काढायला."

"तो माझ्या पायासाठी सांगतोय. रस्त्यासाठी त्यानं जे ठरवलं ते बरोबर आहे. बरोबर बसवलेलं काम मी एकदा खोललं." मग थांबले. त्यांना एवढं सलग बोलताना दम लागतो. "परत खोलणार नाही."

ठोक्या, चार वर्षांत त्या गिअरबॉक्सचा हा पहिला उच्चार. तू पुढे कधी त्यावर बोलू नकोस, ते जेवढं म्हणाले तेवढं पुष्कळ आहे.

मग त्यांनीच तोडगा काढला. खिडकीशी बसून बसून. पलीकडच्या गोदामाला माल चढवायचा कट्टा आहे बघ, लहान टेम्पोसाठी बांधलेला. ते म्हणाले, "तो किती उंच आहे ते मोजून ये." मोजून आले. आपल्या सीटपेक्षा दोन बोटं खाली. गोदामवाल्याला विचारलं, तो म्हणाला, काकू, विचारायचं काय त्यात. दवाखान्यातून चाकाची खुर्ची आणली. मागच्या उतारावरून ती कट्ट्यावर ढकलली, जीप कट्ट्याला अगदी चिकटवून लावली, मधे फळी टाकली, आणि तुझे बाबा डाव्या हातानं दांडा धरून, स्वतःच्या जोरावर, सरकत सरकत सीटवर गेले. कुणी उचललं नाही. बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि गोदामातल्या हमालांकडे असं बघितलं, जसा काही तो कट्टा यांनीच बांधलाय. काल दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा जमलं.

गुरुवारी पहाटे निघतोय. हे पत्र मंगळवारी तुझ्या हातात पडेल. उत्तर पाठवू नकोस, मला ते मिळणार नाही.

वाटेत त्यांना उतरवता येणार नाही. ते आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिणार आहेत, आणि बाटली बरोबर घेतलीय. लाजण्यासारखं काही नाही त्यात. ओढा सकाळीच ओलांडीन. टायरमधली हवा कमी करायची, लक्षात आहे. नाही जमलं तर तिथं थांबेन, ट्रकवाला त्या दिवशी मुद्दाम जादा फेरी लावून मागून येणार आहे, तो ओढून काढेल. ओढ्याचं मला भय नाही.

मला भय आहे ते त्यानंतरचं. इथं चढवायला कट्टा आहे. तुझ्याकडे मी ट्रकवाल्याला विचारून घेतलं: कँपवर सगळं सपाट आहे, पत्र्याच्या खोल्या, मधे मुरूम. उंच काही नाही. म्हणजे गाडी तुझ्या दाराशी उभी राहील, आणि ते आत बसलेले असतील, आणि त्यांना खाली उतरता येणार नाही. माझ्याच्यानं ते उतरवले जाणार नाहीत. तुमच्या मजुरांना ते हात लावू देणार नाहीत.

काल मी त्यांना विचारलं, "आणि त्यानं नाही उतरवलं तर?"

ते म्हणाले, "तर मी गाडीत बसेन. मी गेलो एवढं तर खरं."

मी विचारलं, "आणि त्यानं उतरवलं तर? त्याचा हात चालेल?"

त्यावर त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

तर नीट वाच. उजव्या खांद्याला धरायचं नाही, तो निसटतो आणि फार दुखतो. आधी त्यांचे दोन्ही पाय दाराबाहेर घ्यायचे, उजवा तू स्वतः उचलून. मग डाव्या काखेतून एक हात पाठीमागे, दुसरा गुडघ्यांखाली. घड्याळ काढून ठेव, त्यांच्या कातडीला ओरखडा लगेच उठतो. वजन फार राहिलेलं नाही, तुला वाटेल त्यापेक्षा कमी भरेल, दचकू नकोस, आणि चेहऱ्यावर दाखवू नकोस. ते डाव्या हातानं तुझ्या मानेला धरतील. घट्ट धरतात. धरू दे. खाली ठेवलंस की लगेच सोडू नकोस, त्यांना तोल सापडायला वेळ लागतो.

काय बोलायचं ते नंतर. आधी उतरव.

आई